मागचं वाचलंस का?

आमच्या आजऱ्याकडे टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि बॅटरीत घालतात ते 'सेल'. भाऊकाका या दोन्ही विषयांतले अधिकारी पुरुष. ट्रान्झिस्टरचे मेलेले सेल गच्चीवर उन्हात वाळवून त्यांवर आणखी चार दिवस बातम्या ऐकणाऱ्या पिढीतले. वीज मंडळात मीटर तपासून निवृत्त झाले, पण तपासणं काही निवृत्त झालं नाही. घरात नवी वस्तू आली की पेढा हातात घेण्याआधी ती उलटी करायची, चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं, "मागचं वाचलंस का?"

हेच काका दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे टेक्ससला, ऑस्टिनच्या बाहेरच्या वस्तीत, तीन महिने राहायला आले. मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत पॉवर बँक बाहेर काढून, कुणी विचारलं नसताना, त्यांनी हिशेब मांडला होता : दहा हजार मिलिअँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-अवर, मर्यादा १००, आणि हो, सामानात टाकलेली नाही, हातातच ठेवली आहे. मागच्या रांगेने सुस्कारा सोडला.

आमच्या शेजाऱ्याची गावाबाहेर तीनशे एकर जमीन आहे. ते कळल्यापासून काका त्याला 'पाटील' म्हणू लागले. त्यालाही ते आवडलं. पाटलाच्या शेतात रानडुकरांचा धुमाकूळ. टेक्ससमध्ये ही डुकरं म्हणजे उपराच प्राणी. खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांची शिकार करायला २०१९ पासून परवानाही लागत नाही. आजऱ्यात भुईमुगाच्या राखणीला माळ्यावर डबे बडवत रात्री काढलेल्या काकांना पाटलाचं दुःख लगेच कळलं. मात्र त्याच्याकडे डबा नव्हता, थर्मल स्कोप होता. या दुर्बिणीला उजेड लागत नाही, तिला अंगाची ऊब दिसते. पण ती सतत सेल खाते आणि डुकरं नेमकी ती मिटल्यावर येतात. म्हणून पाटलाला बाहेरून जोडायची बॅटरी हवी होती. ही गोष्ट त्याने काकांसमोर बोलायला नको होती.

"बॅकसाइड यू रीड?" काकांनी विचारलं. पाटील गोरामोरा झाला. मी घाईघाईने खुलासा केला की काका बॅटरीच्या मागच्या लेबलाबद्दल बोलताहेत.

पाटलाने स्वस्तातले '१८६५०' सेल आणले होते. हा आकडा म्हणजे मापच : जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. त्यावर छापलं होतं ९९०० मिलिअँपिअर-अवर. काकांनी आमच्या हिच्या बेसन मोजायच्या काट्यावर सेल ठेवला. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हा तिशीतच अडखळला. "या मापात चांगली कंपनीसुद्धा साडेतीन हजाराच्या फार पुढे जात नाही. याच्यात माल कमी, छपाई जास्त." सेल परत गेले.

दुसऱ्या दिवशी पाटलाने स्कोपमध्ये घालायला दोन चार्ज होणारे सेल आणले. आकार मूळच्या 'सीआर १२३'चाच. काकांनी मनगट धरलं. मूळचे दोन मिळून ६ व्होल्ट. हे पूर्ण चार्ज झाले की दोन मिळून ८.४. "पुस्तिकेत चालतात असं लिहिलंय का? नाही ना? मग नाही."

"पण अँपिअर तर..." मी मध्येच तोंड घातलं.

"अरे, अँपिअर म्हणजे वाढप्याच्या परातीतले लाडू. परात कितीही मोठी असू दे, पाहुणा हवा तेवढाच घेतो. व्होल्ट म्हणजे आग्रह. आग्रह जास्त झाला की पाहुणा आडवा."

हा दृष्टांत त्यांनी पाटलाला इंग्रजीत सांगितला. त्यानंतर आठवडाभर पाटील लाडू म्हणजे काय ते मला विचारत होता.

शेवटी पॉवर बँकेवर एकमत झालं. स्कोपला यूएसबीतून ५ व्होल्ट चालत होते. तरी काकांनी पहिली बँक नापास केली. स्कोप वीज इतकी थोडी घेई की मोबाइल भरला असं समजून ती आपली आपण बंद व्हायची. "हा झोपणारा वॉचमन." दुसरी अर्धा दिवस टेबलावर चालवून पाहिली. केबल काटकोनात वळणारी घेतली, गोळीच्या धक्क्याने उपटू नये म्हणून बंदुकीच्या दस्त्याला बांधली. सुट्या सेलना प्लॅस्टिकच्या डब्या आल्या : खिशात किल्ल्यांबरोबर सेल ठेवणं काकांच्या मते चुलीजवळ रॉकेल ठेवण्यासारखं. जुना-नवा सेल एकत्र लागू नये म्हणून जोड्यांवर मार्करने लिहिलं, 'अ-१', 'अ-२', 'ब-१', 'ब-२'. पाटलाला वाचता येईना, पण आकृत्या जुळवता येत होत्या.

आणि एका रविवारी आम्हाला ऑस्टिनच्या विद्यापीठावरून गाडी न्यावी लागली. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी जॉन गुडइनफ इथलेच होते. "सत्त्याण्णवाव्या वर्षी नोबेल! आणि तुम्ही मला स्टुलावर चढू नका म्हणता." काकांनी गाडीतूनच नमस्कार केला.

मग ती रात्र आली. पाटलाने काकांना सन्मानाने बरोबर नेलं. दीड तास मचाणावर चिडीचूप. शेवटी काळ्या शेतात पांढरीशुभ्र ऊबदार ठिपक्यांची रांग उमटली. मादी, मागे पिल्लं. पाटलाने अतिथी म्हणून स्कोप काकांच्या डोळ्याला लावला. काकांनी रांगेकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि आजऱ्याच्या माळ्यावरच्या आवाजात ओरडले,

"पाटील! एटी-टू पर्सेंट!"

डुकरं पळाली. पाटील काही बोलला नाही. पुढच्या वेळी त्याने काकांना दिवसा यायचं आमंत्रण दिलं.

काका आता आजऱ्यात आहेत. गेल्या महिन्यात पहाटे पाचला त्यांच्या फोनवर एक फोटो आला : नव्या चार्जरची पाठ. खाली पाटलाने लिहिलं होतं, 'ओके?'

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचलं आणि उत्तर टाकलं : "आउटपुट ५ व्होल्ट, ठीक. केबल बदल."