आकाशात खोटी साक्ष देणाऱ्यास

बनावट जीपीएस पसरवणाऱ्या इसमा,

तुझं नाव मला ठाऊक नाही, काम ठाऊक आहे. सप्टेंबर 2023 मध्ये इराकवरून जाणाऱ्या विमानांच्या पडद्यावर त्यांची जागा अचानक भलतीकडेच दिसू लागली. एका बोइंग 777 च्या वैमानिकांवर नियंत्रकाला विचारायची पाळी आली : आत्ता वाजले किती, आणि आम्ही आहोत कुठे? हा तुझा पराक्रम असेल, तर आंधळ्याची काठी पळवणाऱ्यालाही शूर म्हणावं लागेल.

कारागिरीही बेताचीच. उपग्रह 20,200 किलोमीटर उंच. त्याचा सिग्नल खाली येईतो इतका क्षीण होतो, की जवळून ओरडणारा कुणीही तो दाबू शकतो. 2013 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रात 65 मीटरची नौका अशीच हळूहळू वाटेवरून वळवली. एकही गजर वाजला नाही. त्यांनी ते मालकाच्या संमतीने, जगाला सावध करायला केलं. तू तीच युक्ती माणसांनी भरलेल्या विमानांवर चालवलीस.

विमान नेमकं कुठे आहे, हे संगणकाला थेट दिसत नाही. गायरो, प्रवेगमापक, जीपीएस यांच्या साक्षी जुळवून तो अंदाज बांधतो. गतीची समीकरणं वक्र असल्यामुळे आधीच्या अंदाजावर उभं राहून तो तेवढ्यापुरती सरळ रेष धरतो. तू ती उभं राहायची जागाच सरकवतोस. मग पुढची रेषही चुकते, आणि खरं बोलणारा गायरोच खोटा ठरू लागतो. सभ्य माणसाला चोर ठरवायची ही रीत गल्लीतले भामटे फार आधीपासून जाणतात.

फवाझी, तबुआदा आणि दिग्गावी यांनी 2014 मध्ये रेषीय यंत्रणांसाठी सिद्ध केलं, की निम्म्याहून जास्त सेन्सर फितूर झाले तर खरी स्थिती शोधून काढता येत नाही. वक्र गतीच्या यंत्रणेत हे कोडं आणखी बिकट होतं. तुझी लबाडी नेमकी इथे आहे. दहा उपग्रह म्हणजे दहा साक्षीदार वाटतात, पण दहाही तुझ्याच तोंडून बोलतात. त्यांचं आपसांत जुळतं, म्हणून तपासणीही गप्प बसते.

आणि विमानांना वाट दाखवणारी जमिनीवरची जुनी व्हीओआर रेडिओ केंद्रं खर्चाच्या नावाखाली बंद करणाऱ्यांनो, ती चालू ठेवा. जीपीएस फितवून त्यांचं तोंड बंद होत नाही.