घरी जायचं बटण

श्रावणात काशीदला जाऊ नका, असं मला तीन जणांनी बजावलं होतं. आम्ही गेलो आणि तिघंही खरे ठरले. समुद्र गढूळ होऊन अंगावर येत होता. 2020 च्या निसर्ग वादळातून वाचलेली सुरूची झाडं वाऱ्यात अशी वाकत होती, की त्यांच्याखाली उभं राहायचा धीर होईना. उरली पडवी. तिथे मी, न्यू जर्सीहून आलेला भाचा, कांदाभजी आणि त्याचा लॅपटॉप.

"मामा, बेसबॉलची लीग करू या? जुन्या खेळाडूंची."

बेसबॉलचं माझं ज्ञान एवढंच, की चेंडू कायम फुलटॉस येतो आणि बॅट म्हणजे धुणं धोपटायच्या दांडक्याची सख्खी बहीण. भाच्यानं समजावलं : खेळाडूंचे आकडे भरायचे, संघ आणि नियम आपण ठरवायचे, मग सगळा मोसम संगणक खेळतो. संगणक नव्हते तेव्हा हेच फाशांवर चालायचं. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थानं 1961 मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा फाशांचा आणि पत्त्यांचा खेळ विकायला काढला. आम्ही मागच्या बाकावर इतिहासाचं पुस्तक उघडून पानाच्या शेवटच्या आकड्याच्या धावा घ्यायचो, शून्य आलं की आउट. तेच हे. फक्त रिचमनसाहेबांनी त्याचे पैसे केले आणि आम्ही अंगठे धरून उभे राहिलो.

"तुझे खेळाडू मला माहीत नाहीत रे."

"मग तुझे टाक. बेसबॉल त्यांना मी शिकवतो."

पहिली अडचण संघांच्या नावांची. मला आठवला तो, आमच्या आजोबांची पिढी ज्याच्यासाठी कचेरीत खोट्या रजा टाकायची तो मुंबईचा पंचरंगी क्रिकेट सामना. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि या चौघांत न बसणाऱ्यांचा 'द रेस्ट'. भाचा माझ्याकडे बघत राहिला. "धर्मावर टीम?" मी घाईघाईनं सांगितलं, की गांधीजींनी 1940 मध्ये नापसंती दाखवली होती आणि 1946 मध्ये ते सामने बंदही झाले. त्यानं संघांची नावं कोल्हापूर, पुणे, मुंबई, सांगली अशी टाकली. पाचवा संघ काशीद. मालकी पडवीच्या मालकांना दिली. ते भजी संपली का बघायला आले होते, ते मालक होऊन आत गेले.

बाळू पालवणकर अर्थातच पिचर. डावखुरा फिरकी गोलंदाज, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी. त्यांची कारकीर्द संपत आली तेव्हा सांगलीचे विजय हजारे पाच वर्षांचे होते. पण संगणकाला ते चालतं, जन्मसाल आपण लिहू ते. मग एक रकाना आला : नेतृत्व. माझा हात थांबला. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखत बाळू वर आले, हिंदू संघात गेले आणि तिथे जातीमुळे चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात प्यायले. कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

"आमच्या गेममध्येही असं एक सेटिंग आहे," भाचा म्हणाला. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये 1947 पासून घ्यायचं, म्हणजे जॅकी रॉबिन्सन खरोखर आला तेव्हापासून, की पहिल्या दिवसापासून, हे लीग काढणाऱ्यानंच ठरवायचं. आणि गंमत म्हणजे खरे बेसबॉलवालेही अलीकडे तेच करत बसलेत. 2024 मध्ये त्यांनी काळ्या खेळाडूंच्या जुन्या निग्रो लीगचे आकडे अधिकृत वहीत घेतले आणि तिथला जॉश गिब्सन .372 सरासरीनं टाय कॉबच्या .367 च्या वर जाऊन बसला. रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीनच महिने आधी गिब्सन वारला होता.

मी नेतृत्वाच्या रकान्यात शंभर लिहिलं आणि बाळूंना पुण्याचे कर्णधार केलं. एका बोटानं, भज्याचं तेल पुसून. इतकं सोपं होतं याचीच थोडी लाज वाटली. पुणे पहिल्या सामन्यात काशीदकडून हरलं.

हजाऱ्यांच्या वेळी संगणकच गडबडला. 1943 च्या पंचरंगी अंतिम सामन्यात 'द रेस्ट'च्या दुसऱ्या डावात 387 धावा झाल्या, त्यातल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर तीनशेची भागी, त्यात विवेकचा वाटा 21. तरी 'द रेस्ट' एक डाव आणि 61 धावांनी हरले. हे प्रमाण भरल्यावर संगणकानं लाल अक्षरात विचारलं, आकडा तपासला आहे ना? हा प्रश्न तेव्हा हजाऱ्यांनाही पडला असेल, फक्त बाकीच्या दहा जणांकडे बघून.

आणि भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनचा विक्रम 452 चा. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार म्हणाले, पुरे झालं, आता आम्ही खेळत नाही. आणि संघ घेऊन गेले. विक्रम मोडायला दहा धावा राहिल्या त्या राहिल्याच. निंबाळकर पुढे कसोटीही खेळले नाहीत.

"हे कुठे भरायचं?" मी विचारलं.

भाच्यानं सगळे पडदे धुंडाळले. दुखापत होती, निलंबन होतं, पावसानं सामना रद्द होता. समोरचे चिडून घरी गेले, असं बटण नव्हतं. "असं कोण करतं, मामा?" तो म्हणाला. अमेरिकेत वाढलेलं पोर.

तेवढ्यात वीज गेली, आणि बॅटरी तर सकाळपासूनच लीगला लागली होती. पाऊसही थांबला म्हणून किनाऱ्यावर गेलो. ओल्या घट्ट वाळूत गावातली पोरं टेनिस बॉलनं खेळत होती, सुरूच्या काटक्यांचे स्टंप. एक लठ्ठसा मुलगा बोल्ड झाला. नो बॉल, नो बॉल म्हणून भांडला. कुणी ऐकेना. मग त्यानं बॅट काखेत मारली आणि वाळू तुडवत घराकडे निघाला. बॅट त्याचीच होती.

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काठियावाड," मी म्हणालो.