कॉट नंबर तीनचे विश्वकर्मा

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात, आणि त्यांच्या प्रत्येक खोलीला काही ठरलेली पात्रं लागतातच. एक जण पेपर व्हायच्या आधीच यंदाचा कट-ऑफ सांगतो. एकाला आसपासच्या सगळ्या मेसमध्ये कोणत्या वारी कोणती भाजी असते ते पाठ असतं. एकाकडे जगभरच्या नोट्सच्या झेरॉक्स असतात, फक्त स्वतःच्या नोट्स नसतात. आणि एक विश्वकर्मा असतो. हा अभ्यास करत नाही असं कुणी म्हणू नये. तो अभ्यासाला बसायची जागा तयार करत असतो. जागा एकदा मनासारखी झाली की पुढचं सगळं आपोआप होणार, अशी त्याची श्रद्धा असते. जागा मनासारखी होत नाही, एवढीच काय ती अडचण.

आमच्या खोलीतले विश्वकर्मा कॉट नंबर तीनवर राहत. खोलीत सगळे एकमेकांना 'साहेब' म्हणत. पद मिळेल तेव्हा मिळेल, कानाला सवय असलेली बरी. यांना मात्र साहेब म्हणायला जीभ वळेना, कारण साहेबाच्या कानावर पेन्सिल नसते.

'कॉट बेसिस' ज्यांनी भोगलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात घर भाड्याने मिळत नाही, खोलीही मिळत नाही. मिळते ती तीन फूट बाय सहा फुटांची लोखंडी कॉट. खाली ट्रंक आणि चपला, वर दोरीवर टॉवेल, मधल्या मोकळ्या जागेत भावी उपजिल्हाधिकारी. या क्षेत्रफळात टेबल-खुर्ची मावत नाही. भिंतीला बिजागऱ्यांवर पाडता येणारी फळी लावली असती तर प्रश्न मिटला असता, पण मालकीणकाकूंची पाटी होती : 'भिंतीस खिळा ठोकल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही. चुकून ठोकला गेला, हे कारण ऐकले जाणार नाही.' अभ्यासिका होती, पण तिथे महिन्याचे पैसे मोजून डोक्यावर एसीचा झोत घ्यायचा आणि शेजारच्याचं पानं उलटणं ऐकायचं, हे विश्वकर्म्यांना मंजूर नव्हतं. उरला एकच मार्ग : अंथरुणातच मांडीवर उघडेल, मिटून उशीमागे सरकेल, असं घडीचं डेस्क.

ही गरज अगदीच बिनबुडाची नव्हती, हेही सांगायला हवं. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत तोवर भाषेचा पेपर सोडला तर बहुतेक काम काळे गोळे रंगवण्याचं होतं. त्याची तयारी आडवं पडून, पुस्तक छातीवर ठेवून करता येते. किंबहुना तशीच होते. 2022 मध्ये लोकसेवा आयोगाने सांगितलं की मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक होणार. म्हणजे पेपर नऊ, गुणांत धरायचे लेखी 1750, मुलाखतीचे 275, आणि उत्तरं हाताने लिहायची. सगळी खोली हादरली. कुणी उत्तरलेखनाचा क्लास शोधला, कुणी जुने पेपर काढले. विश्वकर्म्यांनी मीटर-टेप काढली.

पहिला आठवडा सर्वेक्षणात गेला. मांडी घालून बसल्यावर गुडघा गादीपासून किती वर येतो, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून मोजलं. 'प्रातिनिधिक नमुना पाहिजे,' म्हणाले. कॉट नंबर एकचे साहेब देहाने भरलेले. त्यांचं माप घेतल्यावर विश्वकर्मा बराच वेळ गप्प होते. मग वहीत एक रेघ मारून म्हणाले, 'यांना अपवाद धरू.'

मग इतिहास आला. अमेरिकेच्या थॉमस जेफरसनने 1776 मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा ज्या डेस्कवर लिहिला, ते प्रवासात नेता येईल असं छोटं घडीचं डेस्क होतं. त्याचा आराखडा जेफरसनने स्वतः काढला होता आणि ते डेस्क आजही तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. ही माहिती हाती लागल्यापासून विश्वकर्म्यांची छाती दोन इंच फुगली.

'जेफरसन तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता,' ते म्हणाले. 'मी एकोणतीसचा. म्हणजे मी पुढेच आहे.'

कॉट नंबर दोनचे साहेब मितभाषी. परीक्षेचा साधा पॅड उशीवर ठेवून लिहीत असत. त्यांनी मान वर न करता विचारलं, 'डेस्क केलं कुणी?'

'फिलाडेल्फियातल्या एका सुताराने. रँडॉल्फ नावाचा होता.'

'म्हणजे त्याने चित्र काढलं, काम सुताराला दिलं आणि स्वतः लिहायला बसला. साहेब, तुम्ही सुताराच्या पायरीवरच अडकलाय.'

विश्वकर्म्यांनी हे मनावर घेतलं नाही. ते त्या वेळी बोहरी आळीत जायच्या घाईत होते.

बोहरी आळी, टिंबर मार्केट आणि बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार हा त्यांचा अभ्यासक्रम. लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकातलं कलम विचारलं तर ते पान शोधत. पण बिजागरी एक इंची, दीड इंची आणि पट्टीची कुठे किती रुपयांना मिळते, हे झोपेतून उठवून विचारा. प्लायवूडचा दुकानदार आठ बाय चारची अख्खी शीट घ्या म्हणून मागे लागला, तर हे त्याला उरलेल्या तुकड्यांच्या ढिगाकडे नेत आणि सहा एमएमची एक फळी वाटाघाटी करून मिळवत. तेवढी चिकाटी मुलाखतीत दाखवली असती तर 275 पैकी निम्मे गुण तिथेच खिशात होते.

पहिलं डेस्क चार पायांचं. जमिनीवर ठेवलं तेव्हा असं ठाम उभं राहिलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. कॉटवर ठेवलं आणि ते कापसाच्या गादीत गुडघाभर रुतलं. डावीकडचे पाय जास्त, उजवीकडचे कमी. पेन घरंगळत गेलं ते थेट कॉट नंबर चारच्या चहात. विश्वकर्मा खचले नाहीत. 'चार टेकू कधीच एका पातळीत नसतात, तीन नेहमी असतात,' असा सिद्धांत मांडून त्यांनी तीन पायांचं डेस्क केलं. ते डगमगलं नाही हे खरं. त्यावर कोपर टेकलं की सरळ उलटायचं, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या खेपेला पायांऐवजी दोन बाजूंना रुंद फ्रेमी आल्या, खाली आडव्या पट्ट्यांसकट, म्हणजे वजन गादीवर पसरेल. हे खरोखर उत्तम निघालं. फक्त ते मिटेना. वरची फळी वीस इंच आणि पाय अकरा इंचांचे. दोन्हीकडचे पाय आत दुमडले की मध्यावर एकमेकांना भिडायचे. पाय फळीच्या निम्म्याहून आखूड हवेत, नाहीतर दोन्हींच्या बिजागऱ्या मागेपुढे बसवायला हव्यात, हे गणित त्यांना रात्री दोन वाजता सुटलं आणि त्यांनी आम्हाला उठवून सांगितलं. 'दोन सूत जागा सोडायची बघा,' ते आनंदाने थरथरत म्हणाले. त्या खोलीत रात्री दोनला कुणी काही सोडवल्याची तेवढी एकच घटना.

फळीला उतार किती, यावर तर परिषद भरली. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींचं डेस्क उतरतं असतं, कारण मान न वाकवता खतावणी लिहिता येते, इथपर्यंत सर्वांचं एकमत. पण उतार वाढला की वही घसरते. वही अडवायला खालच्या कडेला बीडिंगची पट्टी ठोकली, तर ती मनगटाला रुतते. पट्टी घासून गोल केली, तर पेन तिच्यावरून उडी मारतं. पेनासाठी खाच पाडली. खाच पाडलीच आहे तर मोबाईलसाठीही एक, मग चहाच्या ग्लाससाठी भोक, मग चिमटा लावून छोटा दिवा. भोकं पाडून सहा एमएमची फळी कमकुवत झाली, म्हणून बारा एमएमची घेतली. हलकं डेस्क करायचं म्हणून सुरू झालेल्या त्या वस्तूखाली पायांना मुंग्या येऊ लागल्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून उंची वाढवली, आणि गाडी पुन्हा पहिल्या प्रश्नावर आली.

रविवारी रात्री परभणीकडून वडिलांचा फोन यायचा.

'काय म्हंतो अभ्यास?'

'चालू आहे, बाबा. सध्या पायावर काम चालू आहे.'

'पाया पक्का पाहिजे, लेका. घाई करू नको.'

'नाही करत, बाबा.'

बापलेकांचं हे बोलणं ऐकताना आम्ही उशीत तोंड खुपसत असू. नंतर मात्र हसू जरा ओसरत असे. बाबा दर महिन्याला पैसे पाठवत, आणि त्यातले काही बिजागऱ्यांत जात, हे विश्वकर्म्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं. ते मेसचं एक वेळचं जेवण सोडून तो हिशेब जुळवत.

पुढे 2023 च्या फेब्रुवारीत पुण्यात मुलांचं आंदोलन झालं आणि वर्णनात्मक पद्धत 2025 पासून लागू होईल असं ठरलं. ज्यांनी उत्तरलेखनाचे क्लास लावले होते ते चडफडले. ज्यांनी लावले नव्हते त्यांनी पेढे वाटले. विश्वकर्मा शांतपणे म्हणाले, 'बरं झालं. बिजागरी बदलायला वेळ मिळाला.'

आम्ही हसलो खरे, पण त्यांच्या वेडाची मेख तिथेच आहे. जाहिरात कधी निघणार, हे मुलाच्या हातात नसतं. जागा किती, पेपर कधी, तारीख टिकणार की पुढे जाणार, निकाल लागणार की कोर्टात अडकणार, यातलं काहीच नसतं. वय मात्र न चुकता वाढतं, आणि खुल्या गटाची मर्यादा अडतीसची. अशा माणसाच्या हातात एक स्क्रू दिला आणि तो उजवीकडे फिरवल्यावर खरोखर घट्ट झाला, तर त्याला केवढं समाधान मिळत असेल! राज्यघटना तीनदा वाचूनही त्याला एवढा लगेच निकाल मिळालेला नसतो. म्हणून विश्वकर्म्यांना आळशी म्हणणं अन्याय आहे. खोलीत सर्वांत जास्त राबणारा माणूस तोच. फक्त तो ज्या खात्यात राबतो, त्या खात्याची जागा निघालेली नसते.

पूर्वपरीक्षा झाली. केंद्राबाहेर जो तो दुसऱ्याला सीसॅट कसा गेला ते विचारत होता. विश्वकर्मा गंभीर चेहऱ्याने आले.

'बेंचला अजिबात उतार नाही,' म्हणाले. 'आणि एक पाय आखूड. पहिली दहा मिनिटं घडी घालून कागद खाली सरकवण्यात गेली. पण नंतर जराही हलला नाही.'

पेपरबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही.

डेस्क अखेर पूर्ण झालं, आणि ते उत्तम झालं हे मान्य करावंच लागेल. त्यावर खोलीतल्या सर्वांनी पोहे खाल्ले, शर्टांना इस्त्री केली, गणपतीत मूर्ती बसवली. मालकीणकाकूंनी ते पाहिलं आणि 'माझ्या पोथीला असं एक करून दे रे' म्हणाल्या. नियम करणाऱ्या बाईंनीच ऑर्डर दिल्यावर विश्वकर्म्यांचं नाव वाड्याबाहेर पसरलं. पलीकडच्या वाड्यातली मुलं मापं घेऊन येऊ लागली. ते कुणाकडून मजुरी घेत नसत, फक्त सामानाचे पैसे घेत आणि प्रत्येकाला बजावत, 'हे घेऊन उत्तरं लिहा. नाहीतर उपयोग काय?' त्यांच्या डेस्कवर लिहून एक-दोघं मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले. कॉट नंबर दोनचे मितभाषी साहेब नायब तहसीलदार झाले. ते शेवटपर्यंत उशीवरच्या पॅडवर लिहीत होते. विश्वकर्म्यांचा पुढचा प्रयत्न चालू आहे. सोबत डेस्कची पुढची आवृत्तीही.

तेव्हा ज्यांची मुलं पेठेत कॉटवर आहेत, त्या आईवडिलांना एक विनंती. मुलगा अंथरुणात बसून लिहायला डेस्क मागत असेल तर हयगय करू नका, आणि 'तूच कर काहीतरी' असं तर मुळीच म्हणू नका. बाजारात तयार मिळतं ते आणून द्या. फक्त घेताना नीट पाहा. उंची कमीजास्त करायचा स्क्रू त्याला कुठेही असता कामा नये.