उपासाचा पाहुणा

खाकी पाकिटाला आपल्याकडे तसा फारसा मान नाही. त्यातून बदलीचा हुकूम येतो, छातीचा एक्स-रे येतो, आणि निवृत्त माणसाच्या कपाटात तर अशी पाकिटं पेन्शनच्या कागदांनी फुगून थरावर थर बसलेली असतात. चकतीभोवती दोरा गुंडाळला की विषय बंद. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी भर सभेत असलंच एक पाकीट हातात घेतलं, दोरा सोडला आणि आतून अख्खा लॅपटॉप बाहेर काढला. मॅकबुक एअर. टाळ्यांचा कडकडाट झाला. याची किंमत किती, याला जोडण्या किती, बॅटरी काढता येते का, या चौकश्या सगळ्या नंतरच्या. निकाल आधी लागला आणि खटला मागाहून चालला.

खटला मात्र ऐकण्यासारखा आहे, आणि मी तो अधूनमधून मनातल्या मनात पुन्हा चालवतो. माझ्याकडे ते यंत्र कधीच नव्हतं, त्यामुळे न्यायाधीश व्हायला मी अगदीच लायक आहे.

बचावाची बाजू आधी घेऊ, कारण ती खरोखर भक्कम आहे. तोवर हलका लॅपटॉप म्हणजे आखूड लॅपटॉप असा हिशेब होता. सोनीने २००४ च्या सुमारास व्हायो एक्स५०५ नावाचं एक नाजूक प्रकरण काढलं होतं. वजन साधारण ८०० ग्रॅम, पण पडदा १०.४ इंचांचा. एकूण या जातीच्या यंत्रांवर लिहायला बसलं की बोटं एकमेकांची क्षमा मागत फिरत. एअरने पडदा पुरता १३.३ इंचांचा ठेवला, कळफलक पूर्ण आकाराचा ठेवला, वर अंधारात उजळणारा. तरी वजन १.३६ किलो. अडीच-तीन किलोचं धूड खांद्यावर घेऊन लोकलला लोंबकळणाऱ्या माणसालाच या आकड्याची किंमत कळेल. एवढ्याशा जागेत प्रोसेसर बसेना, तेव्हा इंटेलने त्याचं वेष्टन साठ टक्क्यांनी लहान करून दिलं. म्हणजे नुसती इस्त्री मारून पातळपणा आणलेला नव्हता, आतून काम झालं होतं. दिवसभर टंकणाऱ्या माणसाचं पोट ज्यावर चालतं त्या कळफलकाला हात न लावता बाकी सगळं बारीक केलं, एवढ्या एका निर्णयासाठी मी त्या अभियंत्यांना शंभरातले साठ गुण आधीच देऊन टाकतो.

उरलेल्या चाळिसांचं बघू.

पहिली गंमत जाडीची. एअरची कड ०.४ सेंटिमीटर आणि मागची बाजू १.९४ सेंटिमीटर. जाहिरातीतल्या छायाचित्रांत पुढे असायची ती कड, पोट मागे सावलीत. जॉब्ज यांनी त्या सभेत सोनीच्या टीझेड मालिकेशी तुलना केली होती. त्यांचा सर्वांत पातळ भाग आमच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड आहे, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण पाकिटात जाताना पोटाला वगळून जाता येत नाही, हेही तितकंच खरं.

दुसरी गंमत काय काय नाही त्याची. सीडी-डीव्हीडी चालवायची ड्राइव्ह नाही. इंटरनेटची केबल लावायची सोय नाही. स्पीकर एकच. यूएसबी एकच, आणि तीही उजव्या कुशीतल्या एका पडत्या झडपेआड, हेडफोन आणि मॉनिटरच्या जोडणीशेजारी दाटीवाटीने. ज्याला ड्राइव्ह हवी त्याने ९९ डॉलर देऊन बाहेरची घ्यावी. ज्याला केबल हवी त्याने २९ डॉलरची शेपटी जोडावी. ते परवडत नसेल तर जवळपासच्या दुसऱ्या कॉम्प्युटरची ड्राइव्ह बिनतारी उसनी घ्यायचीही सोय होती, म्हणजे या बारीक यंत्राशेजारी एक जाड यंत्र पाळायचं.

मला इथे उपासाचा पाहुणा आठवतो. तो दारातच सांगतो, "वहिनी, माझं काही करू नका हो, आज एकादशी आहे." वहिनींना हायसं वाटतं न वाटतं तोच त्यांच्या ध्यानात येतं की आता वरीचे तांदूळ आले, दाण्याची आमटी आली, रताळ्याचा कीस आला, आणि हे सगळं वेगळ्या भांड्यांत, कारण रोजच्या कढईला कांद्याचा वास. पाहुणा खातो थोडंच. जाताना म्हणतोही, "उगाच एवढं केलंत." एअर या पंथातला होता. स्वतः हलका, पण त्याच्यासाठी पिशवीत ड्राइव्ह, केबलची शेपटी, एका यूएसबीच्या चार करणारा हब आणि मॉनिटरची जोडणी असा फराळ बांधून न्यावा लागे. लॅपटॉपमधून काढलेलं वजन कुठे नाहीसं होत नाही, ते पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात राहायला जातं.

आणि उपासाचा खर्च रोजच्या जेवणापेक्षा जास्त, हेही इथे जुळतं. मूळ किंमत १,७९९ डॉलर. त्यात ८० जीबीची हार्ड डिस्क, आयपॉडमध्ये असायची त्या जातीची, १.८ इंची आणि चालीने मंद. जलद एसएसडी हवी असेल तर ९९९ डॉलर वेगळे मोजा आणि ६४ जीबी घ्या. सोळा जीबी कमी मिळवण्यासाठी हजार डॉलर जास्त! ज्यांनी ते मोजले त्यांना आज हसू नये, कारण पुढे सगळं जग एसएसडीवर गेलं. पण तेव्हा ते बिल घरी कसं समजावून सांगितलं असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

त्याच साली हे यंत्र घेऊन कोणी नांदेडला सासुरवाडीला गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार करायला मला आवडतं. कॅलिफोर्नियाचं गृहीतक असं, की आता हवेत सगळीकडे वायफाय आहे, तारेची गरज काय? नांदेडच्या हवेत तेव्हा ऊन होतं. इंटरनेट हवं तर यूएसबीत डेटाकार्ड खुपसायचं, आणि ते खुपसलं की मेहुण्याच्या लग्नाचे फोटो असलेल्या पेन ड्राइव्हला जागा नाही. त्यातून मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात भारनियमन. वीज तासन्‌तास गायब. एअरची बॅटरी पाच तास चालते हा कंपनीचा दावा, तो सासरेबुवांसमोर सिद्ध करून दाखवायचा, आणि संपली तर दुसरी भरलेली बॅटरी लावायची सोय नाही, कारण ती आत स्क्रूंनी बंद. शिवाय त्या पहिल्या मॉडेलची एक तक्रार पुष्कळ गाजली: यंत्र तापलं की प्रोसेसरचा एक भाग काम थांबवे आणि व्हिडिओ अडखळत चाले. मे महिन्यात मराठवाड्यात माणसंही तेच करतात, त्यामुळे या मुद्द्यावर मी फार गुण कापत नाही.

पातळपणाचा सर्वांत सुरस दोष मात्र अमेरिकेतच उघड झाला. न्यूजवीकचे तंत्रज्ञान-लेखक स्टीव्हन लेव्ही यांना परीक्षणासाठी एक एअर दिला होता. तो घरातून नाहीसा झाला. शोधाशोध झाली, सापडेना. शेवटी त्यांनीच लिहून टाकलं, की बहुधा तो वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मिसळून कचऱ्यात गेला. आपल्याकडे हे घडलं नसतं. आपला रद्दीवाला गठ्ठा उचलून काट्यावर टाकण्याआधी अंगठ्याने पानं फुलवून बघतो. मधे ॲल्युमिनियम लागलं असतं तर त्याने ते बाजूला काढून, त्याचा भाव वेगळा असतो, असं नक्की सांगितलं असतं.

आता प्रतिस्पर्धी. दीडेक महिन्यातच लेनोव्होचा थिंकपॅड एक्स३०० आला. काळा, चौकोनी, चेहऱ्यावर हेडक्लार्कचे भाव. पण त्याच्यात डीव्हीडी ड्राइव्ह बसत होती, तीन यूएसबी होत्या, केबलची जोडणी होती, बॅटरी हाताने काढता-घालता येत होती, आणि वजन एअरच्याच आसपास. त्याच्या जाहिरातीत त्या खाकी पाकिटाची खिल्लीही उडवली होती. गुणपत्रिका त्याचीच चांगली. तरी आज एक्स३०० आठवतो तो फक्त जुन्या थिंकपॅडवर जीव असलेल्या मंडळींना. २००९ मध्ये डेलने अडामो काढला, १,९९९ डॉलरचा, एअरच्या पोटापेक्षा पातळ, सुमारे १६ मिलिमीटर. वजन मात्र १.८ किलो. दिसायला चाकू, उचलायला पाटा. डेलने २०११ मध्ये त्याची रजा घेतली.

एवढा पुरावा वाचल्यावर मी एअरच्या दोषांची दोन गटांत वाटणी करतो, आणि माझा सगळा राग-लोभ या वाटणीत आहे. पहिल्या गटात डीव्हीडी आणि केबल. या गोष्टी काढल्या म्हणून तेव्हा लोकांनी बोटं मोडली, पण त्या बिचाऱ्या तशाही निघाल्याच होत्या, एअरने फक्त त्यांचं सामान आधी बांधलं. ऑक्टोबर २०१० मध्ये एअर नव्या रूपात आला, सुरुवात ९९९ डॉलरपासून, यूएसबी दोन, एसएसडी सगळ्यांनाच, आणि खटला बहुतेक निकालात निघाला. पुढच्याच वर्षी इंटेलने अल्ट्राबुक या नावाखाली सगळ्या कंपन्यांना त्याच वाटेवर ढकललं. आज डीव्हीडी ड्राइव्ह नसलेला लॅपटॉप दाखवून दुकानदार माफी मागत नाही.

दुसऱ्या गटात बंद बॅटरी आणि बोर्डावर डाख लावून पक्की केलेली मेमरी. २ जीबी रॅम मिळाली ती जन्मभराची. हे हलकेपणासाठी केलं असं सांगितलं जातं आणि आपण मान डोलावतो. पण एक्स३०० मधली बॅटरी निघत होती, त्याचं वजन वाढलं का? २०२१ मध्ये फ्रेमवर्क नावाच्या एका नव्या कंपनीने १.३ किलोचा लॅपटॉप काढला, जवळजवळ पहिल्या एअरच्याच वजनाचा. त्याची बॅटरी, रॅम, कळफलक, इतकंच काय कडेच्या जोडण्यासुद्धा मालकाला एका स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात. तेव्हा वजनाचं कारण मला पटत नाही. उलट ही रीत पुढे वाढतच गेली. पहिल्या एअरची बॅटरी निदान स्क्रूंवर होती, नंतरच्या कित्येक लॅपटॉपमध्ये ती गोंदाने चिकटवली गेली.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक दुरुस्तीवाला माझ्या ओळखीचा आहे. डोक्याला दिवा, दातात स्क्रू आणि तोंडाने सतत कोणाशी तरी फोनवर भाव करणं चालू. जुन्या जाडजूड लॅपटॉपचं झाकण काढताना त्याच्या चेहऱ्यावर जो उत्साह असतो तो बघत राहावा असा. रॅम वाढव, डिस्क बदल, पंख्यातली धूळ काढ, तीन वर्षांचं आयुष्य जोडून दे. असा पातळ लॅपटॉप समोर आला की तो मागचं झाकण उघडतो, क्षणभर आत बघतो आणि म्हणतो, "साहेब, यात आपल्याला करण्यासारखं काही ठेवलंच नाही." मग अदबीने परत झाकण लावतो. झाकण लावायचे पैसेही घेत नाही.

या मुद्द्यावर मी तीस गुण कापतो. उरलेल्या दहांतले पाच पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यासाठी, पाच त्या नांदेडच्या जावयासाठी. बेरीज साठ, म्हणजे जेमतेम प्रथम वर्ग.

गेल्या दिवाळीत भाची लॅपटॉप घ्यायचा म्हणून मला दुकानात घेऊन गेली, आणि ही सगळी गुणपत्रिका मी तिला रिक्षात ऐकवली. तिचं लक्षही होतं, निदान मधूनमधून "हं" तरी येत होतं. तिच्या मनात एअरच होता, २०२२ साली एम२ चिप घेऊन आलेला, १.२४ किलोचा. कड आणि पोट हा भेद त्यात उरलेला नाही, सगळीकडे सारखा ११.३ मिलिमीटर. मी सांगितलं, यातली रॅम तर आता थेट चिपच्या वेष्टनातच असते, तेव्हा काय हवी ती आत्ताच जास्त घे. यूएसबीच्या जोडण्या दोनच, दोन्ही नव्या सी जातीच्या, तुझे जुने पेन ड्राइव्ह लागणार नाहीत. बॅटरी थकली तर कंपनीकडे जावं लागेल.

दुकानातला मुलगा चतुर होता. तो गुणदोषांत पडलाच नाही. त्याने तो लॅपटॉप मिटला आणि नुसता तिच्या हातावर ठेवला. तिने तो एका हाताने, कोपऱ्याला धरून उचलला.

"मामा," ती म्हणाली, "सिल्व्हर घेऊ की मिडनाइट?"

मिडनाइटवर बोटांचे ठसे फार उठतात, सिल्व्हर घे, असं मी सांगितलं. हा मात्र पूर्ण अनुभवाचा सल्ला होता, आमच्या शेजाऱ्यांकडे तो रंग आहे. तिने मिडनाइट घेतला. सोबत दोन अडॅप्टर, एक हब, एक कव्हर आणि पुसायला एक मऊ फडकं.