लाइन येईपर्यंत

(मालेगाव तालुका, जिल्हा वाशिम. डिसेंबर 2025 ची रात्र, साडेअकराचा सुमार. हरभऱ्याच्या वावरात पत्र्याची खोली, आत एक खाट आणि भिंतीला मोटरचा स्टार्टर. या आठवड्यात शेतीच्या लाइनची पाळी रात्रीची. म्हणजे बारा वाजता येणार, नाहीतर बारानंतर येणार, आणि डीपीवर काही झालं असेल तर उद्या कळणार. बाहेर तुराट्या पेटवून दोघं बसलेत.

एक ऑपरेटर. सत्तरीला टेकलेला. उमेदीची सगळी वर्षं टुरिंग टॉकीजच्या तंबूत मशीन चालवली. तंबू कधीच गेला, पण गावात नाव अजून ‘ऑपरेटर’च. दुसरा पोट्टा. बी. ए. झालेला, पोलीस भरतीत दोनदा पळून आलेला, सध्या वावर आणि मोबाइल सांभाळतो. तिसरी काकू, ऑपरेटरची बायको. ती फक्त फोनवर आहे, पण तेवढं पुरतं.)

पोट्टा : काका, यंदाची सगळ्यात भारी सिरीज कोणती? आमच्या ग्रुपवर मतदान चालू हाय.

ऑपरेटर : सिरीज? दिवाळीची लायटिंग म्हणतं का? एक बल्ब उडाला का बंदी माळ बंद, ते?

पोट्टा : ते नाई हो. वेब सिरीज. तसं पाह्यलं तं त्यात बी एक भाग हुकला का पुढचं बंदं अंधारात. ‘पंचायत’चा चौथा सीझन आला ना जूनमध्ये.

ऑपरेटर : सीझन जूनमध्ये कसा येईन? जूनमध्ये पेरणी. सीझन दसऱ्यापासून, सोयाबीन निघालं म्हंजे.

पोट्टा : तो सीझन नाई काका.

ऑपरेटर : मले तं तोच एक माहीत हाय. दरवर्षी तेच लोक, तेच काम, अन् शेवटी भाव नाई. यंदा हमीभाव 5,328 होता, कागदावर. माल घेऊन गेलो तं त्यायनं ओलाव्याचं यंत्र लावलं. म्हणे, 12 टक्क्याच्या वर हाय, वायवून आणा. तिथंच एपिसोड खतम. पुढचा एपिसोड चार दिवसानं.

पोट्टा : याले क्लिफहँगर म्हणतात.

ऑपरेटर : आमी हेलपाटा म्हणतो. अन् तुही ‘पंचायत’ पाह्यली मी. पहिलाच भाग पाह्यला अन् बंद केली.

पोट्टा : काहून? बंदी दुनिया पाह्यते!

ऑपरेटर : त्यात तो सचिव, म्हंजे आपला ग्रामसेवक, गावात मुक्कामी राह्यते. ऑफिसातच खाट टाकून झोपते. मले पटलं नाई बाप्पा. भुताचा पिक्चर असता तं एखाद्या वेळेस पटला असता.

पोट्टा : पण सरपंचबाई नावाची अन् कारभार तिच्या नवऱ्याचा, ते?

ऑपरेटर : ते बरोबर हाय. तेवढी न्यूजरील हाय.

पोट्टा : अन् चौथ्या सीझनमध्ये तं ते मंजूदेवी निवडणुकीत पडते...

ऑपरेटर : सांगून टाकलं लेका! आता मी काय पाहू? तंबूत कोणी असा शेवट सांगतला का आमचा गेटकीपर त्याचं मुटकुळं करून बाहेर टाके. वर पैसे वापस नाई.

पोट्टा : तुमी तं बंद केली होती ना?

ऑपरेटर : बंद केली म्हंजे सोडली असं नाई. अन् ते फुलेरा गाव हाय तरी कुठी?

पोट्टा : दाखवते यूपीत, बलिया जिल्ह्यात. शूटिंग एमपीत झालं. सीहोरजवळ महोडिया म्हणून गाव हाय, तिथं.

ऑपरेटर : पाह्य. नाव एकाचं, वावर दुसऱ्याचं. आपल्या नशिबी तेवढं बी नाई. फेब्रुवारीत मी ऐकलं का मालेगाववर हिंदी पिक्चर निघाला. ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. अर्ध्या गावाले पेढे वाटाचे राह्यले होते.

पोट्टा : ते नाशिकचं मालेगाव, काका.

ऑपरेटर : समजलं ना मंग! आपलं मालेगाव पत्त्यात बी कंस लावून लिहा लागते. कुरियर नाशिकले, पिक्चर नाशिकले. आपल्याकडं फक्त थंडी बरोबर पत्त्यावर येते.

(ऑपरेटर तुराट्या पुढे सारतो. पोट्टा फोनची बॅटरी पाहतो : 31 टक्के. या वावरात नेट येत नाही. जे पाहायचं ते गावातून उतरवून आणावं लागतं, डब्यातल्या भाकरीसारखं.)

पोट्टा : मंग तुमची यंदाची पसंती कोणती? लिस्टमध्ये टाकतो.

ऑपरेटर : ‘दशावतार’. सप्टेंबरात लागला, मी अकोल्याले गेलो. पातूरच्या घाटातून यष्टीनं, हाफ तिकिटात. दिलीप प्रभावळकर 81 वर्षाचा माणूस, अन् काय काम केलं लेका त्यानं! कोकणातला दशावतारी. सोंग चढवलं का वय उतरे त्याचं. तीन घंट्याच्या आत बंदं सांगून मोकळे झाले. तुमच्यासारखं नाई, का बुढा मेला का नाई हे पुढच्या वर्षी सांगू.

पोट्टा : पण सिरीजमध्ये माणूस उलगडते, काका. दोन-अडीच घंट्यात काय होते?

ऑपरेटर : माणूस उलगडाले घंटे नाई लागत, बरोबर माणूस लागते. तुमच्या आठ भागातले तीन भाग तं तो नुसता गॅलरीत उभा राहून सिगरेट पेते. मले ठाऊक हाय, मी पाह्यतो ना. अन् पिक्चरची खरी गोष्ट सांगू? शेवट. पिक्चरले शेवट असते. एकच, पक्का. ‘शोले’चा शेवट मी कितीक वेळा दाखवला, बदलला का कधी? गब्बरले मारता मारता पोलीस येते, ठाकूर थांबते. खतम.

पोट्टा : काका... तुमाले माहीत नाई का?

ऑपरेटर : काय?

पोट्टा : तो शेवट खरा नोहे. 1975 साली सेन्सॉरनं बदलाले लावला होता. आणीबाणी होती ना. पहिल्या शेवटात ठाकूर गब्बरले मारूनच टाकते. यंदा ‘शोले’ले 50 वर्षं झाले, त्यायनं जुनी रिळं दुरुस्त करून जूनमध्ये इटलीत बोलोन्याले दाखवला. अस्सल शेवटासकट.

(बराच वेळ नुसत्या तुराट्यांचा आवाज.)

ऑपरेटर : मारून टाकते?

पोट्टा : हाव.

ऑपरेटर : अन् मी पोहरादेवीच्या यात्रेत लोकायले पोलीस दाखवत बसलो! एक बुढा होता, दर वर्षी ये. पिक्चर संपला का माह्या मशीनपाशी ये अन् म्हणे, “बाबू, ठाकरानं सोडलं काहून त्याले?” मी म्हणो, बाबा, कायदा असते. तो म्हणे, कायदा होता तं मंग जयले काहून मारलं? त्या बुढ्याचं बरोबर होतं बाप्पा. इटलीच्या लोकाइनं त्याले इचारा लागत होतं.

पोट्टा : म्हंजे पिक्चरचा शेवट बी पक्का नाई.

ऑपरेटर : गप राह्य. मले जरा दुःख करू दे.

पोट्टा : पण तीन घंट्याच्या वरचा पिक्चर एका मशीनवर दाखवा कसा तुमी?

ऑपरेटर : (लगेच दुःख विसरून) हे इचारलं बरं! टॉकीजमध्ये दोन मशीन राहे. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला का दुसरी चालू. पाह्यणाऱ्याले पत्ता नाई लागे. आमच्या तंबूत मशीन एक. रीळ संपलं का लाइट लावा, दुसरं चढवा, कार्बनच्या कांड्या पाह्य, मंग पुढं. तेवढ्यात फुटाणेवाला एक चक्कर मारे. गब्बरनं “कितने आदमी थे” इचारलं अन् रीळ संपलं. पाच मिनिटं बंदा तंबू आदमी मोजत बसे.

पोट्टा : म्हंजे भाग-भागच होते की ते! तुमी तं वेब सिरीजच चालवत होते काका!

ऑपरेटर : पिक्चर होता तो.

पोट्टा : भाग, मधात ब्रेक, ब्रेकमध्ये फुटाण्याची जाहिरात...

ऑपरेटर : पिक्चर होता म्हणतो ना! हा, स्किप मात्र आमीच काढलं हे कबूल करतो. दुसऱ्या शोची गर्दी बाहेर उभी राह्यली का मालक इशारा करे. एक गाणं गाळलं का पाच मिनिटं वाचे. अन् एकदा कंदिलाच्या उजेडात रिळं उलटीपालटी झाले. मेलेला बाप पुढच्या रिळात पोरीच्या लग्नात जेवत होता. कोणी बी उठलं नाई. उलट शिट्या मारल्या, बाप वाचला म्हणून.

(फोन वाजतो. काकूंचा आवाज आधी, हॅलो नंतर.)

काकू : आली का लाइन?

ऑपरेटर : नाई आली. तू झोपली नाई?

काकू : झोपू कशी? साडेआठले इकडची बी गेली होती, आत्ता आली. ‘ठरलं तर मग’ हुकलं ना माहं! डिसेंबर 2022 पासून एक दिवस चुकला नाई. बाबू हाय का तिथं? त्याले म्हणा, फोनवर काढून ठेव.

पोट्टा : काकू, नेट नाई अठी. अन् एक दिवस हुकलं तं काय होते? त्यात काही होतच नाई.

काकू : होत नाई? सायली हेच खरी तन्वी, हे मले पहिल्याच महिन्यात समजलं. तिच्या सख्ख्या मायबापाले वर्षानुवर्ष समजलं नाई!

पोट्टा : तेच तं म्हणतो. पिक्चरमध्ये हे दुसऱ्या रिळात समजलं असतं.

काकू : अन् मंग तिसऱ्या रिळापासून मी रोज साडेआठले काय करू? यायच्याशी बोलू? (थोडं थांबून) पिक्चरमधले माणसं एक दिवस येते अन् जाते, पाव्हण्यासारखे. माह्या मालिकेतले रोज येते. त्यायच्या घरात कोण कोणाशी बोलत नाई हे मले ठाऊक हाय. त्या राधिकाचं तसंच होतं, ‘माझ्या नवऱ्याची बायको’तलं. साडेचार वर्षं पाह्यली. नागपूरची दाखवली होती, आपल्यावाणी बोले...

ऑपरेटर : आपल्यावाणी? ते बोलणारी अनिता दाते नाशिकची.

पोट्टा : पुन्हा नाशिक!

काकू : कुठची का असेना. पहिल्यांदाच टीव्हीवर कोणी “काहून” म्हणलं अन् ते मोलकरीण नव्हती, घराची मालकीण होती. बरं, लाइन आली का पहिले आपल्याकडचा पाइप बदलवजा. अन् मफलर बांधजा.

(फोन बंद. ऑपरेटर मफलर बांधतो. पण काकूंनी सांगितलं म्हणून नव्हे, असा चेहरा करून.)

ऑपरेटर : तिचं बी खोटं नाई. 1987 ले रविवारी ‘रामायण’ लागे ना सकाळी, गावात एकच टीव्ही. लाइन गेली तं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावत. लोक पायातले जोडे काढून बसत. मी मालकाले म्हणलं, आपला तंबू आता संपला. मालक म्हणे, राम वनवासातून आला का लोक परत येतीन. राम आला. मंग ‘महाभारत’ चालू झालं. ते 94 भाग. तवर कापडाले उंदीर लागले.

पोट्टा : काका, बॅटरी 19 हाय. एक लावू का? भाऊनं भरून देलेली जुनी हाय, ‘समांतर’. 2020 ची. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर. ‘मानवत मर्डर्स’ बी हाय, पण ते मी वावरात नाई लावत. मागच्या वर्षी एकट्यानं लावली अन् तेवढ्यात धुऱ्यावर रोही खोकलला. बूट अठीच टाकून पळालो.

ऑपरेटर : मानवत काय, इकडं हिंगोली ओलांडली का परभणी. ते नको रात्री. लाव तुही समांतर.

(लावतो. दोन डोकी, एक पडदा, सहा इंचांचा.)

ऑपरेटर : थांब, थांब! हा बुढा कोण?

पोट्टा : चक्रपाणी. त्याचं जे होऊन गेलं, तेच या कुमारचं पुढं होणार हाय. दोघायच्या हाताच्या रेषा सारख्या. तो बुढा याले डायऱ्या देते अन् सांगते, रोज एकच पान वाच.

ऑपरेटर : हा तं नितीश भारद्वाज! चोप्राच्या ‘महाभारता’तला कृष्ण! अन् हा पोरगा... स्वप्निल जोशी ना? हा सागरच्या ‘श्रीकृष्णा’त पोरवयातला कृष्ण होता! (मांडीवर थाप मारून) अबे, दोन्ही कृष्णच! मंग हात सारखे असणारच ना! यात रहस्य काय राह्यलं?

पोट्टा : हे मले कोणीच नव्हतं सांगतलं...

ऑपरेटर : अन् डायरी बी पटली. माह्या बापाची वही हाय घरी. कोणत्या साली पाणी किती, उधारी किती, सावकार कवा आला. मी काढून वाचतो कधी कधी. माहंच लिहेल हाय त्यात. पण मी एका रात्रीत वाचली. रोज एक पान असं सांगणारा चक्रपाणी नाई भेटला, नाई तं एवढे वर्षं झोप तरी लागली असती. बदलव, पुढचा लाव.

पोट्टा : पुढचा?

ऑपरेटर : शेवटचाच लाव. आपल्याकडं 19 टक्के हाय.

(शेवटचा भाग. ऑपरेटर मधले सगळे धागे स्वतःच जोडून घेतो, बरेचसे चुकीचे. कुमार डायरीचं पान उलटतो. पडदा काळा.)

ऑपरेटर : रीळ बदलवून राह्यला का?

पोट्टा : बंद पडला. चार्जर घरी हाय. अन् असता तरी लाइन कुठी हाय?

ऑपरेटर : तू पाह्यला होता ना शेवट?

पोट्टा : नाई. बारा वाजताची लाइन दर वेळेस याच जागी आली.

ऑपरेटर : (घसा खाकरून उभा राहतो) हे मले नवीन नाई. एकच प्रिंट दोन तंबूत चाले तव्हा सायकलवाला पोट्टा रिळं आणे. एका रात्री सायकल पंक्चर, शेवटचं रीळ आलंच नाई. लोक बांबू उपसाले लागले. मी माइक घेतला अन् बंदा शेवट तोंडानं सांगतला, गोळीबारासकट. लोक रडत घरी गेले. दुसऱ्या दिवशी खरं रीळ लावलं तं कोणाले आवडलं नाई. आयक. कुमार पान उलटते. त्यात काय लिहेल राह्यते?

पोट्टा : काय?

ऑपरेटर : त्यात लिहेल राह्यते का आज रात्री एक माणूस येईन, त्याले हात नसतीन...

पोट्टा : काका, हा ठाकूर हाय!

ऑपरेटर : इटलीवाला ठाकूर हाय. आपल्या तंबूत कधी दाखवलाच नाई. अन् मंग दरवाजा वाजते. कुमार उठते. कडीले हात लावते, तेवढ्यात...

(स्टार्टर खडाक् करतो. मोटर गुरगुरते. लांबून एका पाठोपाठ एक तुषारांची टिकटिक सुरू होते.)

पोट्टा : (कुदळ शोधत) पुढं नका सांगू! मी आलो! एवढे दोन पाइप बदलवून आलो!

ऑपरेटर : जाय जाय. मले बी उल्साक इचार करा लागते.

पोट्टा : (अंधारातून, ओला) काका! तिसरं नोजल बंद हाय! पण कडी उघडते का नाई, तेवढंच सांगा!

ऑपरेटर : पहिले नोजल साफ कर!