एकसष्टकाका

दिमोना, अश्दोद, लोद... इस्रायलमध्ये जिथे जिथे आपली बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी स्थायिक झाली, तिथे एक तरी एकसष्टकाका असतातच. वय सत्तरीच्या पुढे, जन्म पेण-अलिबागकडचा, हिशेब मराठीत आणि भांडण हिब्रूत. तिथल्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, 120 जागा असतात आणि बहुमताला 61 लागतात. तेवढ्यावरून घरच्यांनी हे नाव पाडलं आणि काकांनी ते पदवीसारखं मिरवलं.

तिकडे अख्खा देश हा एकच मतदारसंघ. मत पक्षाला द्यायचं, आणि मतांच्या टक्केवारीत जागा वाटल्या जातात. ‘आमच्या वॉर्डात पाणी आलं नाही’ म्हणून एखाद्याला पाडण्याची सोयच नाही. उरते ती नुसती बेरीज, आणि ती काकांची.

शुक्रवारी पेपरात नवं सर्वेक्षण येतं. नेमका त्याच संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो, त्यात लिहायलाही मनाई, आणि सनातनी काकांना पेन हातात धरता येत नाही. मग जेवणाच्या टेबलावर बदाम मांडले जातात. उजवा गट मिठाच्या बाजूला, विरोधक पाण्याच्या तांब्याकडे, अरब पक्ष वेगळे, आणि कुठेही जाऊ शकणारे अधेमधे. ‘अहो, जेवा आता,’ असं काकूंनी तीनदा म्हणेपर्यंत उजवीकडे एकसष्ट भरत आलेले असतात. तेवढ्यात धाकटा नातू एक बदाम तोंडात टाकतो आणि सरकार पडतं.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर 2019च्या एप्रिलमधली निवडणूक आठवावी. सैन्यभरतीच्या कायद्यावरून लिबरमन आपल्या पक्षाच्या पाच जागा घेऊन बाहेर बसले, पंतप्रधान नेतान्याहू 60वर अडकले, आणि सप्टेंबरात देश पुन्हा मतदानाला गेला. एका बदामापायी! त्या एप्रिलपासून नोव्हेंबर 2022पर्यंत पाच निवडणुका झाल्या. लोक कंटाळले. काकांची मात्र तब्येत सुधारली.

ठाण्याचा पुतण्या संख्याशास्त्र शिकलेला आहे. फोनवर तो म्हणतो, ‘काका, पाच-सहाशे लोकांना विचारतात, त्यात चार टक्के इकडे-तिकडे होणारच. तुमची एक जागा टक्क्याहूनही कमी. चुकीच्या पोटात चार-पाच जागा सहज मावतात.’ काका त्याला शांतपणे सांगतात, ‘बाळा, ते तुझ्या पुस्तकात. आमच्याकडे एक मंडाट हलला की रात्रीच्या बातम्या त्याच्यावर निघतात.’ मंडाट म्हणजे जागा. 2015मध्ये मतदान संपताच टीव्हीवाल्यांनी नेतान्याहूंचा लिकुड पक्ष आणि विरोधी नेते हर्झोग यांची आघाडी यांच्यात जवळपास बरोबरी दाखवली. सकाळी पेट्यांतून लिकुडच्या 30 आणि हर्झोग यांच्या आघाडीच्या 24 निघाल्या. काकांच्या मते सर्वेक्षण ठीकच होतं, लोकांनी रात्रीतून घोळ घातला.

पण काकांचा खरा जीव अडकलेला आहे तो सव्वातीन टक्क्यांच्या उंबरठ्यात. त्याच्या खाली राहिलेल्या पक्षाला भोपळा; वर गेला की एकदम चार जागा. मध्ये काही नाही. 2019च्या एप्रिलमध्ये बेनेट यांचा नवा पक्ष 3.22 टक्क्यांवर थांबला, जेमतेम दीड हजार मतं कमी पडली. 2022मध्ये मेरेत्झ हा पक्ष 3.16वर बुडाला आणि त्याच्यासोबत नेतान्याहूंच्या विरोधकांचं गणितही. अशा पक्षांच्या चार जागा काका कधी धरतात, कधी सोडतात. कशावरून, ते कुणाला कळत नाही. काकू म्हणतात, गुडघा दुखतो त्यावरून.

2021 साली मात्र काका खचले होते. जेमतेम सात जागांवर निवडून आलेले तेच बेनेट आठ पक्षांच्या आघाडीचे पंतप्रधान झाले, आणि विश्वासदर्शक ठराव मंजूर झाला 60 विरुद्ध 59 मतांनी. एक सदस्य तटस्थ! उभ्या आयुष्याचा सिद्धांत मोडला. ‘साठ! अहो, साठ!’ असं म्हणत काका रात्रभर घरभर फिरले. आता तुमचं नाव साठकाका करू, असं सुनेने सुचवलं तेव्हा दोन दिवस बोलणं बंद होतं.

पुतण्याने मध्येच आपल्या महाराष्ट्र विधानसभेतल्या 145च्या आकड्याचा आणि पहाटेच्या शपथविधीचा विषय काढला, तर काकांनी तो उडवूनच लावला. ‘आमच्याकडे सरकार बनवायला कायद्याने 28 दिवस देतात, वर 14 वाढवून. तुम्हाला घाई फार!’

मला विचाराल तर काकांची बेरीज कधीच चुकलेली नाही. कोण कुणाच्या शेजारी बसणार नाही, हे तेवढं त्यांच्या बदामांना कळत नाही. ते सर्वेक्षणातही नसतं.

इतक्या वर्षांत एकदा काकांना खरोखरच सर्वेक्षणवाल्यांचा फोन आला. फोनवरच्या मुलीने कुणाला मत देणार, असं विचारलं. काकांनी उलट विचारलं, नमुना किती जणांचा, अरब मतदार किती घेतलेत, अजून न ठरवलेल्यांची मतं कशी वाटता? वीस मिनिटांनी मुलीने आभार मानून फोन ठेवला. तिने काकांची नोंद ‘उत्तर देण्यास नकार’ या रकान्यात केली.