दिव्याची गाडी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण काढणाऱ्यानं दोन्ही ठिकाणं पाहिली होती की नाही, कोण जाणे. आम्ही परभणीकर मात्र ती इतक्या ठामपणे ऐकवतो की समोरच्याला जर्मनीबद्दलच शंका यायला लागते. गाड्यांच्या बाबतीत म्हण अगदीच पोकळ नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या स्टँडबाहेर काळीपिवळी ट्रॅक्स उभी असायची. आत माणसं, टपावर पोती, मागच्या पायरीवर उरलेला तालुका, आणि बॉनेटखाली जर्मनी! आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं डाइम्लर-बेन्झच्या परवान्यानं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन इथं बनवलं आणि ट्रॅक्सला बसवलं. याच जातीच्या इंजिनावर जर्मनीत मर्सिडीज २४० डी टॅक्सी वर्षानुवर्षं धावल्या. फरक एवढाच, की तिकडे टॅक्सीत चौघं बसत आणि इकडे ‘अजून दोन बसतेत, सरका जरा’ म्हटल्याशिवाय ड्रायव्हर किल्लीला हात लावत नसे. इंजिनानं तेही सोसलं.

हे सगळं आठवायचं कारण मामांचा फोन. मामा म्हणजे बायकोचे मामा, मुक्काम सोनपेठ.

“जावई, ऊस गेला. गाडी घ्यावं म्हणतो. खात्रीची पाहिजे. थोरल्या जावयालाबी संगं आणा.”

थोरले जावई म्हणजे माझे साडू. पुण्यात संगणकात असतात. ते आदल्या रात्रीच परभणीला मुक्कामाला आले, स्वतःच्या नव्या डिझेल गाडीतून, आणि जेवायच्या आधी लॅपटॉप उघडून बसले. त्यात गाड्यांच्या विश्वासार्हतेचा तक्ता होता. आडव्या ओळीत गाड्या, उभ्या रकान्यांत दोष, आणि प्रत्येक चौकोन हिरवा, पिवळा नाहीतर लाल. “मामांना काय विचारायचं ते विचारू दे,” साडू म्हणाले, “उत्तर यात आहे.”

साडूंच्या गाडीचं नाव मी सांगणार नाही. गाडी वाईट नव्हती. फक्त तिला जन्मापासून चांगल्या रस्त्याची सवय होती.

सकाळी गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. उसाचे दिवस. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीवर ऊस इतका रचलेला की मागून पाहणाऱ्याला वाटावं, शेतच उठून कारखान्याला निघालंय. पुढचं दिसत नाही, बाजूनं निघता येत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्यानं गाणी अशी लावलेली की आपला हॉर्न त्याला साथीला वाटतो. पोखर्णी आलं. साडूंनी स्टिअरिंगवरूनच नृसिंहाला हात जोडले, आणि नेमका तेव्हाच समोर पिवळा दिवा लागला.

“हा कसला?” मी विचारलं.

“काही नाही. सूचना आहे.”

“कसली?”

“पुस्तक काढा.”

मी पुस्तक काढलं. पुस्तक जाडजूड होतं आणि त्यातली पहिली बरीच पानं गाडीत लहान मुलांना कसं बसवावं यावर होती. दिव्याचं पान सापडेपर्यंत आम्ही दैठण्याच्या जवळ होतो.

गोष्ट अशी. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा आलं. चारवरून थेट सहा; पाचची पायरी गाळली. तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत एक गाळणी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी तिच्यात अडकते. ती भरत आली की काजळी आतल्या आत जाळून टाकायची, पण त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि तेवढी धग धरायला गाडी पळती राहावी लागते. गावात दुधाला, शेताला, शाळेला अशा चार-चार किलोमीटरच्या खेपा मारल्या की गाळणी तुंबते. योजनेला नावं ठेवायला जागा नाही. धूर कमी झालेला कोणाला नकोय? पण पुस्तकात उपाय छापला होता तो असा, की गाडी ताशी साठच्या वर, सलग वीस मिनिटं, न थांबता चालवावी.

“एवढंच ना!” साडू म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं.

आता परभणी जिल्ह्यात सलग वीस मिनिटं साठच्या वेगानं जाणं हा पराक्रम कोणाच्या नावावर असेल तर तो रेल्वेच्या. आम्ही साठ गाठायचो, घड्याळ चालू व्हायचं आणि पुढे शेळ्या यायच्या. शेळ्या संपल्या की ‘काम चालू, वळण घ्या’ अशी फळी, आणि फळीपुढं वळण घेऊन परत आलेला ट्रॅक्टर. रस्त्यांचाही सगळाच दोष नाही म्हणा. खाली काळी माती आहे. कापूस, सोयाबीन, ऊस, काहीही टाका, मरायचं नाही. पण ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आखडून हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर डांबर अंथरा नाहीतर सिमेंट ओता, ती खालून हलतेच. अशा जमिनीवर सरळ उभा राहतो तो फक्त ऊस.

एकदा मात्र जमलं होतं. घड्याळ सतरा मिनिटांवर गेलं, साडूंच्या कपाळावरची आठी गेली, आणि खळीजवळ गोदावरीचा पूल आला. पुढच्या जीपमधल्या एका आजींनी गंगेत नाणं टाकायला गाडी थांबवली. त्यांच्यामागे सगळेच थांबले. गोदेला आमच्याकडे गंगाच म्हणतात. आजींनी आधी पदराची गाठ सोडली, मग नाणं शोधलं, मग ते रुपयाचं की दोनाचं ते नातवाकडून खात्री करून घेतलं, मग नातवालाही एक दिलं. गाळणी तुंबली आहे, तेव्हा गंगेला नंतर टाका, असं त्यांना जाऊन सांगण्याची आमची दोघांचीही छाती झाली नाही.

गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. त्यांच्या मदतीला विठ्ठल जात्यावर येऊन बसला, अशी कथा आहे. साडूंनी मदतीला कंपनीच्या केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. तिनं गाडीचा नंबर घेतला, साडूंची जन्मतारीख घेतली आणि विचारलं, “सर, आपल्या आसपास एखादा एक्स्प्रेसवे आहे का?”

गंगाखेड सोडलं तेव्हा पिवळ्याला जोडून दुसरा एक दिवा लागला आणि गाडीनं अंग चोरलं. पाय कितीही दाबा, काटा तिशीच्या पुढे सरकेना. ज्या ट्रॅक्टरांना मागे टाकायला आम्ही सकाळभर जिवाचं रान केलं, ते गाणी वाजवत एकेक पुढे निघून गेले. शेवटी मागून एक म्हातारी काळीपिवळी आली. ड्रायव्हरनं बरोबरीनं गाडी लावून मान बाहेर काढली.

“टोचन लावू का, साहेब?”

“गाडी बंद नाही पडलेली,” साडू दुखावून म्हणाले. “सेफ मोडमध्ये गेलीय.”

“बरं मग, सेफ या,” असं म्हणून तो गेला. पायरीवरच्या लोकांनी आमच्याकडे वळणापर्यंत पाहून घेतलं.

सोनपेठला पोचलो तेव्हा मामा ओट्यावर वाट पाहत होते. अंगणात त्यांची जुनी महिंद्रा कमांडर उभी. तिचा मूळ रंग कोणता, यावर घरात दोन मतं आहेत. पाणी, चहा, पुन्हा चहा झाला, आणि साडूंनी लॅपटॉप उघडला. मामांनी तक्ता आदरानं पाहिला. जावयानं दाखवलेली कोणतीही गोष्ट सासरची मंडळी ज्या आदरानं पाहतात, त्याच आदरानं.

“लई मेहनत घेतली तुम्ही,” ते म्हणाले. “आता मला सांगा, रातच्याला दोन वाजता पेशंट घेऊन आंबाजोगाईला जायचं म्हणलं, तर ह्यातली कोणती निघती?”

सोनपेठहून अडलेला पेशंट अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा, नाहीतर परभणीला. रात्री दोनला गाडी सुरू झाली तर झाली. तिथं हिरवे-पिवळे चौकोन कामाचे नाहीत. साडूंनी तक्ता वरखाली केला.

“पार्ट परळीत भेटतो का?”

साडूंनी पुन्हा वरखाली केला.

“आन आमचा मिस्त्री खोलतो का तिला? का नुसतं झाकण उघडून बघत बसतो?”

मामांची कसोटी अशी होती, आणि मला ती तक्त्यापेक्षा सरस वाटली, हे मी साडूंसमोर बोललो नाही. शहरात गाडी बंद पडत नाही म्हणून चांगली. इथं ती बंद पडणारच हे धरलेलं असतं. कुठं पडते, कोण हात लावतो आणि सामान संध्याकाळच्या आत येतं का, एवढंच बघायचं. ट्रॅक्स, कमांडर, सुमो, बोलेरो या गाड्या याच हिशेबात टिकल्या. पाना घेऊन बसलेलं माणूस दर दहा-पंधरा किलोमीटरवर आहे, आणि त्याच्याकडे नाहीच मिळालं तर जुन्या गाडीचं काढून बसवता येतं.

खात्रीचा विषय निघाल्यावर मामा निजामापर्यंत मागे गेले. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेनं २७ बस आणि १६६ माणसं घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. ‘सूर्योदयासारखी खात्रीची’ अशा अर्थाचं त्या कंपनीचं घोषवाक्य होतं. सूर्यास्ताबद्दल, म्हणजे परतीच्या गाडीबद्दल, कंपनीनं काही आश्वासन दिल्याचं दिसत नाही.

“मग मामा,” साडूंनी लॅपटॉप मिटला, “ही कमांडर काय वाईट आहे? सुरू होते ना?”

“हाव ना. कवाबी होती. तोच तर घोटाळा झाला.”

“म्हणजे?”

मामा सरसावून बसले. “चालू गाडी गावात लपत नाही, जावई. पाथरीला पोरगी बघाया जायचंय, मामाची जीप. दहावीच्या पोराचं सेंटर लांब आलं, मामाची जीप. बारशाला बाज, लग्नाला आचारी, पंढरपूरला म्हातारी, सगळ्याला मामाची जीप. माझी गाडी मीच शेवटची कवा चालवली, ध्यानात नाही. आन तिकडं बघा.”

पलीकडच्या वाड्यात ताडपत्रीखाली एक बरी दिसणारी गाडी झोपलेली होती.

“बॅटरी काढून माळवदावर ठिवलीय त्यानं. विचारलं की म्हणतो, बंद हाय, भरवसा नाही. चार वर्षं झाली, एक माणूस मागाया जात नाही. रातच्याला त्याच्या घरी दुखणं निघालं तर त्यो बी माझ्याच दारात येतो!”

“तुम्ही नाही म्हणत नाही?”

“दवाखान्याला कसं म्हणावं? त्याला नाही म्हणायचंबी नाही. पर आचाऱ्याची पातेली वाहायला?”

साडूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. “म्हणजे तुम्हाला खात्रीची गाडी नकोय?”

“पाहिजे! खात्रीचीच पाहिजे. पर ती खात्री मला पाहिजे, गावाला नको.”

एवढ्यात मिस्त्री आले. तोंडात तंबाखू, खिशात पाना, अशा मिस्त्रीची मी मनात तयारी केली होती. आलेल्या मिस्त्रींच्या हातात स्कॅनर होता. त्यांनी तो स्टिअरिंगखाली लावला, मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि म्हणाले, “डीपीएफ. काजळी भरली. गाडी चांगली हाय, दोष काही नाही. कारखान्याच्या गाड्या रातच्या जरा कमी होतेत, तव्हा मोठ्या रोडला काढून आणतो. गरम झाली की दिवा जातो.” मग हळूच साडूंना विचारलं, “पुण्यात हिला रोज हायवेला फिरवता का, भाऊ?” साडू रोज हिंजवडीच्या रहदारीत बसतात. ते काही बोलले नाहीत.

मामा मात्र गाडीच्या खिडकीतून आत वाकून दिवा न्याहाळत होते.

“जावई, हा दिवा लागला तर गाडी बाहेर काढायची नाही, असं पुस्तकात छापलंय?”

“तसं नाही. कंपनीशी संपर्क साधावा, असं छापलंय.”

“पर छापलंय?”

“छापलंय.”

“चित्रासकट?”

साडूंनी पान दाखवलं. मामांनी चष्मा लावून ते वाचलं, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला. तेवढ्यात गल्लीतला एक मुलगा आला. उद्या मानवतला सुपारी होती, नऊ माणसं होती, आणि अंगणात दोन गाड्या आहेत हे त्यानं येतानाच मोजलं होतं. मामांनी त्याला हाताला धरून साडूंच्या गाडीपाशी नेलं आणि दिवा दाखवला. मुलगा चुकचुकला. “अरेरे. नवी दिसती की वो,” म्हणाला आणि आल्या पावली गेला. कमांडरबद्दल विचारायचंच विसरला.

मामा कितीतरी वेळ त्याच्या पाठीकडे पाहत होते. मग त्यांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं.

“गाळणीच्या आधीची जुनी बोलेरो बघून ठिवा एखादी. इंजिनाला हात लागलेला नसावा. आन हे असला दिवा तिला बसवता येतो का?”

“नुसता दिवा?”

“नुसता. खाली काही जोडू नका.”

“बसवतो की. वायर ओढायची आन बटन द्यायचं. पिवळा देऊ का लाल?”

“दोन्ही द्या. पिवळा भावकीला, लाल निवडणुकीला,” मामा म्हणाले, आणि आमच्याकडे एकदा बघून आवाज खाली घेतला, “बटन तेवढं शिटाखाली बसवा. जावयालाबी सापडू नये.”